गंभीर जन्मजात हृदयविकार असलेलं नवजात बाळ: जगण्याची शक्यता किती, धोका कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पहिल्या २८ दिवसांच्या बाळांविषयी आहेत. शाळेच्या तपासणीत सापडलेलं छिद्र किंवा मोठ्या मुलाची झडप यांचा हिशेब वेगळा असतो. तुमच्या बाळाबाबतचा निर्णय मात्र त्याचा इको (हृदयाची सोनोग्राफी) स्वतः पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असं सांगितलं. म्हणजे जिवाला धोका आहे का?

बहुतेक वेळा नाही. दर १००० जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यातली बरीचशी छिद्रं छोटी असतात. काही आपोआप बुजतात, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. साधारण चारांतल्या एका बाळाला मात्र पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा कॅथेटरचा (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीचा) उपचार लागतो. हा झाला गंभीर गट. त्यातही नवजात वयात सगळ्यांत घातक ती बाळं, ज्यांचं रक्ताभिसरण 'डक्टस' नावाच्या एका तात्पुरत्या रक्तवाहिनीच्या भरवशावर चाललेलं असतं.

इको झाला की पहिला प्रश्न हाच विचारा: बाळ डक्टसवर अवलंबून आहे का? उत्तर 'हो' असेल तर पुढचं सगळं तासांच्या हिशेबात करायचं. रिपोर्टवर फक्त पीएफओ किंवा छोटा एएसडी (दोन्ही म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक) लिहिलेला असेल, तर रात्रीतून मुंबई-पुणे गाठायची गरज नसते.

जन्मतः बाळ ठणठणीत होतं, रडलं, दूध प्यायलं, डिस्चार्जही मिळाला. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम कोसळलं कसं?

पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात. म्हणून फुप्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त डक्टसमधून थेट महारोहिणीत, म्हणजे शरीराच्या मुख्य धमनीत वळवलं जातं. जन्मानंतर ही वाट नको असते. निरोगी बाळात ती पहिल्या १ ते ३ दिवसांत आकसून बंद होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

दोष असलेल्या बाळात हीच वाट जीव वाचवत असते. फुप्फुसाची धमनी जन्मतः बंद असेल, तर फुप्फुसाला रक्त डक्टसमधूनच उलटं मिळतं. महारोहिणीचा भाग अरुंद किंवा तुटलेला असेल, तर कमरेखालच्या शरीराला रक्त डक्टसच पुरवतो. तो उघडा आहे तोवर बाळ गुटगुटीत दिसतं. तो बंद होऊ लागला की पहिल्या प्रकारात बाळ निळं पडतं. दुसऱ्यात ते निळं न पडता राखट, थंड, निपचित होतं, लघवी थांबते आणि रक्तात आम्ल साचतं.

वेळ नेमकी वाईट असते. नॉर्मल बाळंतपण झालेली आई दोन-तीन दिवसांत घरी आलेली असते, पाचवीची तयारी चालू असते आणि बाळ 'शांत झोपतंय' याचं कौतुक होत असतं. अशा कोसळलेल्या बाळाचं निदान पहिल्यांदा बहुधा 'जंतुसंसर्ग' असंच होतं, कारण दोन्ही वरून सारखंच दिसतं. जंतुसंसर्गाचे उपचार जरूर सुरू करावेत, पण पहिल्या दोन आठवड्यांत शॉकमध्ये, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडलेल्या अवस्थेत आलेल्या प्रत्येक बाळाच्या मांडीतली नाडी चाचपून पाहिलीच पाहिजे. हाताची नाडी लागते आणि मांडीची लागत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून महारोहिणीचा दोष पकडता येतो.

एक आकडा सांगा: अशी किती बाळं जगतात?

एका आकड्यात सगळी बाळं बसत नाहीत, पण अंदाज देता येतो. अमेरिकेत अटलांटा परिसरात १९७९ ते २००५ या काळात जन्मलेल्या बाळांचा मागोवा घेतला गेला. गंभीर गटातली सुमारे ७५ टक्के बाळं एक वर्षाची झाली. साध्या दोषांच्या गटात हेच प्रमाण ९७ टक्के होतं. गंभीर गटातली सुमारे ६९ टक्के १८ वर्षांपर्यंत पोचली. काळानुसार फरकही मोठा पडला: १९७९ ते १९९३ मध्ये जन्मलेल्या गंभीर गटातल्या बाळांपैकी सुमारे ६७ टक्के वर्षभर जगली, १९९४ ते २००५ मध्ये जन्मलेल्यांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त.

हे आकडे ऐकताना लक्षात घ्या की पहिल्या वर्षाचा उंबरठा ओलांडला की धोका झपाट्याने उतरतो. वर्षाचं झालेलं बाळ आणि चार दिवसांचं बाळ यांना एकच टक्केवारी लावता येत नाही.

भारतात अडचण दुहेरी आहे. निदान उशिरा होतं, आणि नवजात बाळांची हृदयशस्त्रक्रिया करणारी केंद्रं मोजक्या शहरांत आहेत. एखाद्या मोठ्या केंद्राचा निकाल परदेशाच्या तोडीचा असला, तरी तिथे पोचण्याआधीच गेलेलं बाळ त्या निकालात मोजलं जात नाही. म्हणून 'या ऑपरेशनला ९५ टक्के यश' हे वाक्य खरं असूनही अपुरं असतं.

आजारानुसार धोका कसा बदलतो?

फार बदलतो, आणि इथे नाव नीट समजून घेणं कामाचं आहे.

*मुख्य धमन्यांची अदलाबदल (टीजीए).* शुद्ध रक्त फुप्फुसाकडेच फिरत राहतं, अशुद्ध रक्त शरीराकडे. उपचार न झाल्यास सुमारे ३० टक्के बाळं पहिल्या आठवड्यात, निम्मी पहिल्या महिन्यात आणि ९० टक्के वर्षाच्या आत दगावतात. वेळेत धमन्या बदलल्या तर मात्र चांगल्या केंद्रात मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असतं. नैसर्गिक अवस्था आणि उपचारानंतरची अवस्था यांत इतकी दरी फार थोड्या आजारांत सापडते. रक्त पुरेसं मिसळत नसेल तर ऑपरेशनआधी फुग्याच्या कॅथेटरने वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं करतात. हे तंत्र १९६६ पासून वापरात आहे आणि काही वेळा बाळाच्या खाटेशेजारीच, इकोवर बघत केलं जातं.

*महारोहिणी अरुंद असणं (कोआर्क्टेशन).* ऑपरेशन तुलनेने सरळ, निकाल चांगला. जीव जातो तो शॉकमध्ये आणल्यामुळे: मूत्रपिंड आणि आतडी आधीच मार खाऊन बसलेली असतात.

*फुप्फुसाच्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या असणं (टीएपीव्हीसी).* शिरांचा मार्ग कुठे दाबला गेला असेल तर ही खरी आणीबाणी असते. बाळाला जन्मापासून धाप, एक्स-रेमध्ये फुप्फुसं धुरकट, हृदयाचा आकार मात्र नेहमीएवढाच. मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) नसतो. न्यूमोनिया समजून बाळ कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहू शकतं. डक्टस उघडा ठेवणारं औषध इथे सहसा उपयोगी पडत नाही. तडक ऑपरेशन हाच मार्ग.

*फुप्फुसाची धमनी बंद असणं.* पहिला टप्पा म्हणजे डक्टसमध्ये स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घालणं किंवा साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी, म्हणजे शंट बसवणं. बाळ घरी जातं, पण पुढचे काही महिने त्या एवढ्याशा नळीवर जगतं.

*डावं हृदय अविकसित असणं (एचएलएचएस).* सगळ्यांत अवघड. उपचाराशिवाय जवळजवळ सगळी बाळं पहिल्या महिन्यात जातात. तीन ऑपरेशनं लागतात: पहिल्या एक-दोन आठवड्यांत नॉरवुड, ४ ते ६ महिन्यांचं असताना ग्लेन, २ ते ४ वर्षांचं असताना फोंटन. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पहिल्या ऑपरेशननंतर हृदय बदलावं न लागता वर्षभर जगलेली बाळं, शंटच्या प्रकारानुसार, ७४ आणि ६४ टक्के होती. हे निवडक, अनुभवी केंद्रांचे आकडे आहेत.

'तुमच्या बाळाला धोका जास्त आहे' असं डॉक्टर कशावरून म्हणतात?

आजाराच्या नावाइतकंच वजन इतर गोष्टींना असतं. ३७ आठवड्यांच्या आत जन्म, अडीच किलोपेक्षा कमी वजन (दोन किलोच्या खाली धोका आणखी चढतो), दोन्हीऐवजी एकाच पंपावर चालणारं हृदय, सोबत आतडं, मूत्रपिंड किंवा अन्ननलिकेचा दोष, गुणसूत्रांचा दोष. २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेल्या बाळांत कॅल्शियम घसरतं, झटके येऊ शकतात, प्रतिकारशक्ती कमी असते. त्यांना किरणप्रक्रिया केलेलंच रक्त द्यावं लागतं.

या यादीतल्या बऱ्याच गोष्टी कुणाच्या हातात नसतात. हातात असते ती एक: बाळ ऑपरेशन टेबलावर कोणत्या अवस्थेत पोचतं. ऑपरेशनआधी शॉक, वाढलेलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्यावर रक्तात साचणारं आम्ल), जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटर, बिघडलेलं मूत्रपिंड यांपैकी काहीही असलं की त्याच ऑपरेशनचा धोका काही पटींनी वाढतो. शॉकमधल्या बाळाला थेट टेबलावर घेण्यापेक्षा औषधांनी २-३ दिवस सावरून मग ऑपरेशन करणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. टीएपीव्हीसीचा अडलेला प्रकार याला अपवाद.

पल्स ऑक्सिमीटरची तपासणी नेमकी कशी करायची?

बाळ २४ तासांचं झाल्यावर किंवा त्याआधी डिस्चार्ज असेल तर निघण्यापूर्वी. बाळ जागं, शांत, उबदार हवं. पाय थंड असतील तर आकडा खोटा येतो. सेन्सर नवजाताचा, गुंडाळायचा हवा. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाच्या पायाला लावून काढलेला आकडा धरू नये. एक मोजणी उजव्या हातावर, एक कोणत्याही पायावर. उजवाच हात घ्यायचा, कारण त्याला रक्त डक्टसच्या आधीच्या भागातून जातं. डावा हात घेतला तर तुलनाच बिघडते.

दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत: पास. कुठेही ९० च्या खाली: लगेच डॉक्टर आणि इको, पुन्हा मोजत बसायचं नाही. मधलं काहीही, म्हणजे ९० ते ९४ किंवा फरक ३ पेक्षा जास्त: तासाभराने पुन्हा. तरीही तसंच आलं तर नापास धरायचं. नापास झालेल्या प्रत्येक बाळाला हृदयविकार असतोच असं नाही. न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्गही निघतो, आणि तोही वेळेत सापडलेला बराच.

पास झालं म्हणजे चिंता मिटली?

नाही. ही तपासणी साधारण चारांतली तीन गंभीर बाळं पकडते. सगळ्यांत जास्त निसटतो तो महारोहिणीचा अरुंदपणा, कारण त्यात डक्टस उघडा असताना ऑक्सिजन चांगला असू शकतो. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरांनी छाती तपासली, मर्मर नाही म्हणाले. तरी आजार असू शकतो?

असू शकतो. टीजीए आणि टीएपीव्हीसीमध्ये बहुधा मर्मर नसतोच. उलट मर्मर असलेली कितीतरी बाळं निरोगी असतात.

घरी आल्यावर कशाकडे बघायचं?

दूध पिण्याकडे. बाळाचा सगळ्यांत मोठा व्यायाम तोच असतो. थोडं ओढून थांबणं, धापणं, कपाळावर घाम येणं, अर्धवट सोडून झोपी जाणं आणि एका वेळच्या दुधाला अर्ध्या तासाहून जास्त लागणं, या धोक्याच्या खुणा. श्वास शांत झोपेत पूर्ण एक मिनिट मोजा. ६० च्या वर राहत असेल, कुशी उडत असतील तर दाखवा. निळेपणा बघायचा तो जिभेवर आणि हिरड्यांवर. हातपाय निळसर असणं पहिल्या दिवसांत चालतं, जीभ निळी असणं चालत नाही. सावळ्या बाळात निळेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत ऑक्सिजन बराच खाली गेलेला असतो. ६-८ तास लंगोट कोरडा, अंग थंड, बाळ ढिलं: या अवस्थेत सकाळची वाट बघू नका.

आशाताई घरच्या भेटीला ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी येतात. पहिल्या दोन भेटी नेमक्या डक्टस बंद होण्याच्या काळात पडतात. 'सगळं ठीक आहे' म्हणून दारातूनच त्यांची बोळवण करू नका; श्वास मोजून घ्या, वजन करून घ्या.

प्रोस्टाग्लँडिन हे काय औषध आहे? ते चालू असताना बाळ श्वास घ्यायचं थांबलं.

डक्टस उघडा ठेवणारं, थेंबाथेंबाने अखंड द्यायचं औषध. फुप्फुसातून रक्त एकदा फिरलं की त्यातलं बहुतेक नष्ट होतं, म्हणून पंप थांबला की परिणामही उतरू लागतो. डक्टस बंद होत आलेला किंवा बाळ शॉकमध्ये असेल तर मिनिटाला दर किलोमागे ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने सुरुवात करतात. डक्टस चांगला उघडा असेल किंवा तो उघडल्यावर ०.०१ ते ०.०२ वर आणतात. अवस्था सुधारल्यावर डोस कमी न करणं ही नेहमी दिसणारी चूक.

श्वास थांबणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. १०० पैकी साधारण १० ते १२ बाळांत होतो, दोन किलोखाली जास्त, आणि बहुधा पहिल्या काही तासांत. ताप येणं, अंग लालबुंद होणं, रक्तदाब उतरणं हेही होतं. म्हणजे औषध बंद करायचं असं नाही; श्वासाला आधार द्यायचा आणि डोस तपासायचा.

हिशेबाचा नमुना: ५०० मायक्रोग्रॅम औषध ५० मिलिलिटरमध्ये मिसळलं तर १ मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम. ३ किलोच्या बाळाला ०.०५ च्या दराने तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला ०.९ मिलिलिटर. पंपावर ०.९ ऐवजी ९ टाकलं गेलं की दहापट डोस जातो. दोन जणांनी आकडा मोठ्याने वाचून पडताळायचा. त्या शिरेतून दुसरं काहीही ढकलायचं नाही. साधं सलाईन ढकललं तरी नळीत साठलेलं औषध एकदम आत जातं. इको ताबडतोब मिळत नसेल आणि संशय दाट असेल, तर औषध सुरू करून मग इकोची सोय बघायची. तालुक्याच्या ठिकाणी जीव वाचतो तो बहुधा याच निर्णयाने.

मोठ्या हॉस्पिटलला नेताना काय काय हवं?

निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं आणि बेड नक्की करणं. चार हॉस्पिटलांच्या दारांत फिरवलेलं बाळ हे या आजारातलं टाळता येण्याजोगं मोठं दुःख आहे.

शिरेच्या दोन वाटा हव्यात: एक प्रोस्टाग्लँडिनसाठी, दुसरी इतर औषधांसाठी आणि पहिली निकामी झाली तर राखीव. औषधाची दुसरी भरलेली सिरिंज तयार, अ‍ॅम्प्यूल २ ते ८ अंश तापमानात. पंपाची बॅटरी प्रवासाच्या दुप्पट वेळ टिकणारी. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश. निघताना रक्तातली साखर तपासलेली. लांबचा पल्ला असेल, बाळ दोन किलोच्या खाली असेल किंवा श्वास एकदा थांबून गेला असेल, तर घाटात धडपडण्यापेक्षा श्वासनलिकेत नळी घालूनच निघालेलं बरं. ऑक्सिजनचा आकडा १०० करण्याचा हट्ट नको: डक्टसवर अवलंबून असलेल्या बऱ्याच बाळांना ७५ ते ८५ पुरतो, आणि जास्त ऑक्सिजनने रक्त फुप्फुसाकडे ओढलं जाऊन शरीराचा पुरवठा कमी पडू शकतो. १०८ ला फोन करताना 'नवजात बाळ, व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप लागणार' हे शब्द स्पष्ट सांगा. नुसतं 'सिरीयस आहे' म्हटल्यावर साधी गाडीही येऊ शकते.

सोबत इकोचा रिपोर्ट आणि मोबाइलवर त्याची चलचित्रं, एक्स-रे, दिलेल्या औषधांची वेळेसह नोंद, आईचा रक्तगट, संमतीवर सही करू शकणारी व्यक्ती. आई टाक्यांमुळे येऊ शकत नसेल तर तिने दर तीन तासांनी दूध काढत राहावं, म्हणजे ऑपरेशननंतर ते उपलब्ध राहतं.

वजन चार किलो झाल्यावर ऑपरेशन केलं तर धोका कमी होणार नाही का?

ऐकायला पटतं, पण बहुतेक गंभीर आजारांत उलटं होतं. टीजीएमध्ये फुप्फुसाचा दाब उतरत गेल्यावर डावा पंप हलकं काम करायला सोकावतो आणि त्याचे स्नायू पातळ होतात. मधल्या पडद्याला भोक नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे हीच सोयीची वेळ. त्यानंतर तो पंप शरीराचा दाब पेलेलच याची खात्री राहत नाही. मोठं छिद्र असलेल्या बाळाचं वजन तर थांबूनही वाढत नाही, कारण खाल्लेलं सगळं धापेत जळतं. टेट्रालॉजीमध्ये (मोठं छिद्र आणि फुप्फुसाकडची अरुंद वाट असलेला निळ्या बाळांचा आजार) रंग बरा असेल तर काही महिने थांबणं योग्य. थोडक्यात, थांबण्याचा निर्णय आजार बघून व्हावा, काटा बघून नव्हे.

ऑपरेशन 'यशस्वी' झालं म्हणाले, मग रात्री तब्येत का खालावली?

हृदय-फुप्फुस यंत्रावरच्या ऑपरेशननंतर ६ ते १८ तासांत हृदयाची ताकद तात्पुरती घटते. हे अपेक्षित असतं आणि औषधं त्या बेतानेच चालू ठेवलेली असतात. म्हणून सर्जन बाहेर येऊन बोलले की लगेच गावाकडे पेढे पाठवू नका. पहिले ४८ तास जाऊ द्या. सूज असल्यामुळे काही बाळांची छाती २-३ दिवस उघडी ठेवून वर पातळ पडदा लावतात. ते बघून घाबरायला होतं, पण हृदयाला दाबापासून वाचवण्यासाठीच ते असतं.

नर्सला तीन गोष्टी विचारा: लॅक्टेट उतरतंय का, लघवी तासाला दर किलोमागे १ मिलिलिटरच्या वर आहे का, औषधांचे पंप वाढले की कमी झाले. यावरून बाळ कुठे चाललंय ते कळतं. पुढच्या दिवसांतले शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग, शंटमध्ये गुठळी, ठोक्यांची अनियमितता, आतड्याला सूज आणि छातीत दुधाळ पाणी साचणं.

शंट घालून बाळ घरी आलं. आता?

दोन ऑपरेशनांमधले हे महिने दिसतात तेवढे निवांत नसतात. घरात ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि नवजाताचा ऑक्सिमीटर हवा. रोज एकाच वेळी, उघड्या अंगाने वजन. वही घालून लिहून ठेवा. दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली. ऑक्सिजन ७५ च्या खाली, एका दिवसात ३० ग्रॅम घट किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढ नाही: त्याच दिवशी फोन करा.

उलटी-जुलाबाला सगळ्यांत जास्त भ्या. शरीरातलं पाणी घटलं की रक्त दाट होतं आणि साडेतीन मिलिमीटरच्या नळीत गुठळी धरते. अ‍ॅस्पिरिनचा डोस चुकवू नका, स्वतःहून बंद करू नका. बाळ वाढतं, नळी वाढत नाही. म्हणून पुढच्या ऑपरेशनची तारीख लग्नसराई किंवा सुगी बघून पुढे ढकलायची नसते.

या बाळांना दिवसाला दर किलोमागे १२० ते १५० कॅलरी लागतात. स्तनपान थकवत असेल तर काढलेलं दूध वाटीने किंवा नळीने, त्यात डॉक्टरांनी सांगितलेली पावडर घालून. पाणी घालून दूध पातळ करू नका.

बाळगुटी, धुरी, लसी?

गुटी, मध आणि घासा बंद. धुरी तर मुळीच नको. ज्या बाळाची फुप्फुसं आधीच झगडत आहेत त्याला ओव्याचा धूर नाकात देण्यात काहीच राम नाही. लसी वेळापत्रकाप्रमाणे द्यायच्या, हृदयविकार हे त्या टाळण्याचं कारण नाही. २२व्या गुणसूत्राचा संशय असेल तर बीसीजीसारखी जिवंत लस प्रतिकारशक्ती तपासूनच.

हॉस्पिटल कसं निवडायचं?

इमारत बघून नको. विचारा: वर्षाला एक महिन्याच्या आतली किती बाळं ऑपरेट होतात? हेच ऑपरेशन गेल्या वर्षी किती झालं, किती बाळं घरी गेली? रात्री आयसीयूत लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर हजर असतो का? मोठ्यांच्या बायपाससाठी नावाजलेलं केंद्र नवजातांसाठी चांगलं असेलच असं नाही. खऱ्या केंद्राला या प्रश्नांचा राग येत नाही.

पैशांची सोय कुठे?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा. नवजाताचं नाव शिधापत्रिकेवर नसतंच, म्हणून जन्माची नोंद आणि आईवडिलांची कागदपत्रं सोबत ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरपासूनच सुरू झाला. त्याच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे. जिल्हा रुग्णालयातल्या पथकाचं पत्र मिळालं तर मार्ग सोपा होतो. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्रात लहान मुलांचे हृदयोपचार मोफत होतात. जोडीला मुख्यमंत्री सहायता निधी आहे. कागद जमेपर्यंत बाळ जागेवर अडवून ठेवू नका. एक जण बाळासोबत, एक जण कागदांमागे.

गरोदरपणात कळलं तर काय फरक पडतो?

मोठा. १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि निघणाऱ्या दोन्ही धमन्या दिसल्या पाहिजेत. नुसते चार कप्पे बघितले तर टीजीए निसटतो. शंका आली तर गर्भाचा इको. मग बाळंतपण हृदय-केंद्राच्या जवळ ठरवता येतं. आईच्या पोटाइतकी सुरक्षित अ‍ॅम्ब्युलन्स दुसरी नाही. केवळ बाळाच्या हृदयासाठी सिझर बहुधा लागत नाही. आजार फार अवघड असेल आणि गर्भपाताचा विचार असेल, तर २०२१ च्या कायदा-दुरुस्तीनुसार गंभीर व्यंग असताना २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने परवानगी मिळू शकते.

ऑपरेशन न करण्याचा निर्णय घेतला तर आम्ही वाईट आईबाप ठरतो का?

नाही. डावं हृदय अविकसित असेल, सोबत १८व्या गुणसूत्राचा दोष असेल किंवा मेंदूला मोठी इजा झाली असेल, तर बाळाला त्रास होऊ न देता जवळ घेऊन राहणं हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय आहे. मात्र तो नीट इको आणि एका अनुभवी केंद्राचं मत घेतल्यावर व्हावा. टीजीएसारख्या पूर्ण सुधारणाऱ्या आजारात 'हृदय खराब आहे, घरी न्या' एवढं ऐकून बाळ परत नेणं, हे अजूनही घडतं आणि ते घडायला नको.

पुढच्या बाळाला होईल का?

सर्वसाधारण धोका १ टक्क्याच्या आसपास, एक मूल असं झाल्यावर साधारण २ ते ५ टक्के. डाव्या बाजूच्या दोषांत याहून जास्त. मामा-भाची किंवा मामे-आते भावंडांतल्या लग्नात धोका थोडा वाढतो. गर्भ राहण्याआधी किमान एक महिना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, मधुमेह असेल तर साखर आधीच आटोक्यात, रुबेलाची लस झालेली नसेल तर गर्भधारणेच्या महिनाभर आधी. फेफऱ्याची व्हॅलप्रोएटसारखी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि पाळी चुकल्यावरच्या पहिल्या भेटीतच आधीच्या बाळाचा इको रिपोर्ट दाखवून, १८ ते २२ आठवड्यांतल्या गर्भाच्या इकोची तारीख ठरवून घ्या.